परवानगीशिवाय खासगी फोटो पसरवणे: कायदा काय सांगतो, तक्रार कशी करायची?

मंगनी मोडली, तलाक झाला किंवा मैत्री तुटली की काही जण मोबाईलमधल्या जुन्या फोटोंचं हत्यार करतात. ‘व्हायरल करीन’ एवढी धमकी दिली तरी घरचे घाबरतात. पोलिसांत गेलो तर बदनामी होईल या भीतीने प्रकरण दाबलं जातं आणि धमकी देणाऱ्याचं फावतं. म्हणून १८ वर्षांवरील व्यक्तींच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

फोटो काढू दिला म्हणजे पसरवायची परवानगी दिली, असं नाही

‘तिनेच तर पाठवला होता’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये याचं थेट उत्तर आहे. महिलेने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान १ ते कमाल ३ वर्षं कैद आणि दंड, पुन्हा दोषी ठरल्यास ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. यात नवऱ्याला किंवा माजी नवऱ्याला वेगळी सूट नाही.

ही तरतूद २०१३ साली भारतीय दंड विधानात कलम ३५४-क (इंग्रजीत ३५४ सी) म्हणून आली होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं.

कोणती कलमं लागतात?

- माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६-ई: कुणाच्याही गुप्तांगांचा फोटो संमतीशिवाय काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- कलम ६७: अश्लील मजकूर ऑनलाइन टाकणे किंवा पाठवणे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.
- कलम ६७-ए: लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. हा गुन्हा अजामीनपात्र आहे.
- न्याय संहिता, कलम ३५१ आणि ३०८: फोटो पसरवला नाही, पण धमकी दिली तर धाकदपटशा, पैसे उकळले तर खंडणी. खंडणीला ७ वर्षांपर्यंत कैद आहे.

कलम ७७ फक्त महिलांना संरक्षण देतं. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं पुरुषांच्या तक्रारीलाही लागू होतात. व्हिडिओ कॉलवर अडकवून पैसे मागितले जाणाऱ्या तरुणांनीही गप्प बसू नये.

फॉरवर्ड करणाराही सुटत नाही

कलम ६७ आणि ६७-ए मध्ये ‘पाठवणे’ हाच गुन्हा आहे. ‘मी बनवला नाही, फक्त ग्रुपवर टाकला’ हे चालत नाही. चेहरा दुसऱ्या शरीरावर जोडलेल्या बनावट फोटोलाही ही कलमं लागू शकतात. फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो आणि कलम ६७-बी लागतं. ते अधिक कडक आहे.

साध्या फोटोचाही गैरवापर होतो, हे आपल्या समाजाने जवळून पाहिलं आहे. २०२१ मधलं ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मधलं ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम महिलांचे नेहमीचे फोटो ‘लिलावा’साठी टाकले होते. तिथे गुप्तांगांचा प्रश्न नव्हता, त्यामुळे कलमंही वेगळी लागली. पण महिला पुढे आल्या, तक्रारी दिल्या, आणि मुंबई व दिल्ली पोलिसांनी अटका केल्या.

तक्रार करताना

१. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, लिंक, प्रोफाइलचं नाव, नंबर, तारीख-वेळ जपून ठेवा. मूळ फोनही सांभाळा; कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

२. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. दिले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

३. ॲप किंवा साइटवर रिपोर्ट करा. असा मजकूर तक्रारीनंतर ठरलेल्या मुदतीत हटवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. २०२१ च्या नियमांनी ही मुदत २४ तास ठरवली होती. ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत फोटो अपलोड न करता, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो अडवतात.

४. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर होतो. कलम ७७ ची तक्रार महिलेने दिली तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

५. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

२०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलूक कोर्टाने अशाच प्रकरणात तरुणाला ५ वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा होते, पण त्यासाठी कुणीतरी पहिली तक्रार द्यावी लागते. मुलगी घरी येऊन सांगते तेव्हा ‘फोटो दिलाच कशाला?’ असं विचारू नका. आधी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात चला. गुन्हा तिने केलेला नाही.