काळ्या पडद्यामागची मजुरी

टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून आवाज आणि चित्रफिती हाताळणे ही संगणकवेड्यांची हौस, असा समज आपल्याकडे रुजला आहे. या साधनांच्या जन्मकथाही त्याला दुजोरा देतात. आवाजाच्या फाइलींचे रूप बदलणारे सॉक्स लान्स नॉर्स्कॉग याने १९९१ साली खुले केले. चित्रफितींसाठी आज जगभर वापरले जाणारे एफएफएमपेग फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केले. मात्र आपल्या देशात ही साधने कोणत्या कामाला जुंपली गेली ते पाहिले, तर हौसेचा मुद्दा फार टिकत नाही. इतरांचे आवाज आणि इतरांनी टिपलेली दृश्ये गोळा करणाऱ्यांकडे माल अफाट होता, हात मोजके होते. एकदा लिहिलेली आज्ञा हव्या तितक्या फाइलींवर चालवता येते, हीच त्यांची गरज होती. ज्यांच्यासाठी ती चालली त्यांना बहुतेकदा ती दिसलीही नाही.

मुंबईत आकाराला आलेले पॅड.मा याची साक्ष देते. २००८ साली सुरू झालेल्या या संग्रहामागे मुंबईचे कॅम्प, मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू, बेंगळुरूचे आल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनचे ऑइल-२१ असे गट होते. पूर्ण झालेल्या माहितीपटापेक्षा त्यांचा डोळा होता संकलनात वगळल्या जाणाऱ्या, कपाटात पडून राहणाऱ्या फुटेजवर. ते तासन्‌तास पाहता यावे, आणि कोणत्या क्षणाला काय घडते याच्या लेखी नोंदींतून शोधताही यावे, असा बेत होता. आता हिशेब करा. त्या काळच्या डीव्ही कॅसेटमधला एक तास संगणकावर घेतला की साधारण १३ गिगाबाइट जागा व्यापतो. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद; त्या वेगाने हा एक तास पोहोचवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. म्हणजे फुटेज आटवल्याशिवाय संग्रहच उभा राहत नव्हता. ऑइल-२१ मधल्या यान गेर्बरचे ‘एफएफएमपेग-टू-थिओरा’ नेमके हे काम करी: नाना स्वरूपांतल्या फाइली घ्यायच्या आणि कुणाला स्वामित्वधन द्यावे लागणार नाही अशा थिओरा स्वरूपात लहान करून द्यायच्या. पुढे गेर्बरनेच फायरफॉग हे फायरफॉक्सला जोडता येणारे उपकरण केले. वापरणारा फाइल निवडे, आटवण्याचे काम त्याच्याच संगणकावर होई. आज्ञा तिथेच होती, फक्त बटणाआड गेली होती.

छत्तीसगडमध्ये तर पडदाच उरला नाही. भिलाई पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या, आता स्वतंत्र महापालिका असलेल्या रिसालीत हिंदी वर्तमानपत्र सहज मिळते. ज्या दल्ली-राजहराहून कारखान्याला लोहखनिज येते, त्याच्याही पलीकडच्या बस्तरमध्ये गोंडी बोलणाऱ्यांना स्वतःच्या भाषेतली बातमी मिळणे दुर्मीळ. बीबीसीत काम केलेल्या शुभ्रांशु चौधरींनी २०१० साली सीजीनेट स्वर सुरू केले ते या उणिवेवर. साध्या मोबाइलवरून फोन करायचा, एक आकडा दाबून गाऱ्हाणे सांगायचे, दुसरा दाबून इतरांचे ऐकायचे. फोन उचलणारे यंत्र अ‍ॅस्टरिस्क या मुक्त प्रणालीवर चाले. कुठल्या आकड्याला काय करायचे हे त्यात आधीच लिहून ठेवलेले असते, आणि आवाजाची फाइल बिनबोभाट जतन होते. ज्याच्या घरी संगणक नाही, त्यालाच या लेखी आज्ञांचा सर्वाधिक उपयोग झाला.

यावर पहिला आक्षेप असा की मग सत्ता आज्ञा लिहिणाऱ्या मूठभरांच्या हाती राहते. आक्षेप खोटा नाही. पण तयार सॉफ्टवेअरमध्येही ती मूठभरांकडेच असते, तीही कंपनीच्या दाराआड; इथे निदान एफएफएमपेगची किंवा अ‍ॅस्टरिस्कची संहिता कुणालाही वाचता येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: थिओरा तर गेलाच. गूगलने मे २०१० मध्ये वेबएम हे नवे स्वरूप आणले, आणि अलीकडे क्रोम व फायरफॉक्स यांनी थिओरा दाखवणेही थांबवले. मग ती मेहनत वाया गेली का? आटवताना गमावलेला तपशील परत येत नाही, हे खरे. थिओराची प्रतच तेवढी उरली असेल तर नुकसान कायमचे. मात्र मूळ फाइल जपली असेल, तर जुन्या आज्ञेतले स्वरूपाचे नाव आणि दोन-चार आकडे बदलून सगळा संग्रह नव्याने काढता येतो. प्रत्येक तुकडा एखाद्या संकलकाने हाताने आटवला असता, तर तेच काम पहिल्यापासून करावे लागले असते, आणि त्याचे पैसे अशा संस्थांकडे दुसऱ्यांदा क्वचितच येतात.

लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या आवाक्याबाहेरचे एक काम मात्र दोन्हीकडे माणसांकडेच राहिले. सीजीनेट स्वरवर आलेला प्रत्येक निरोप कुणीतरी ऐकून, पडताळूनच पुढे पाठवी, पॅड.मावरच्या नोंदीही फुटेज बघूनच लिहिल्या गेल्या. आटवण्याची मजुरी यंत्राने उचलली, म्हणूनच त्या ऐकण्या-लिहिण्याला माणसांचा वेळ उरला.