जवळची प्रत

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला आणि सेनगाव-कळमनुरीकरांची कचेरी जवळ आली. इंटरनेटवरही तेव्हा हेच चालले होते. एकाच संगणकावरची चित्रे साऱ्या जगाने मागितली की खोळंबा होई. म्हणून प्रती ठिकठिकाणी ठेवायच्या. पण कोणती कुठे? चित्राच्या क्रमांकाला संगणकांच्या संख्येने भागून बाकी पाहावी, तर एक संगणक बंद पडताच घोळ. आम्ही १ ते १२ हजेरी क्रमांक घेऊन पाहिले: चार गटांचे तीन केले की नऊ मुले हलतात. हलायला हवीत तीनच! एमआयटीतील टॉम लेटन, डॅनी लेविन व सहकाऱ्यांनी १९९७ साली चित्रे आणि संगणक एकाच वर्तुळावर मांडले. प्रत्येक चित्र पुढच्या संगणकाकडे. १९९८ साली अकामाई कंपनी निघाली. लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या विमान-अपहरणात ३१ व्या वर्षी मारले गेले. त्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर लोक तुटून पडले. भार वाहायला अकामाईचे संगणक होते.