नारायणरावांचा पदर

माजिवड्याला महामार्गालगत २०१३ साली विवियाना मॉल सुरू झाला आणि सौंदर्यप्रसाधनांची चकचकीत दालनं ठाणेकरांच्या रोजच्या वाटेवर आली. पण बायकांनी कसं दिसावं, हे मराठी मुलखात त्याच्या शंभर वर्षं आधी एका पुरुषाने ठरवलं होतं!

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे नाटकांतून स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये ते रुक्मिणी झाले. त्यांचे शालू, नथ, अंबाड्यावरचा गजरा, पदर सावरण्याची लकब घरंदाज बायका बारकाईने पाहत आणि घरी तसंच करून बघत. घरंदाज बाईने स्वतः रंगमंचावर उभं राहणं मात्र तेव्हा समाजाला खपत नव्हतं.

पुढे बोलपट आला. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. गदारोळ झाला आणि चित्रपटगृहंही भरली. सावरलेल्या पदराइतकंच आता अंगकाठीकडेही लक्ष जाऊ लागलं.

गोऱ्या रंगाचा सोस तर त्याहून चिवट. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडावं लागलं.