नांगरावरचा दिवस

मिरजोळ्याहून पश्चिमेकडे गेले म्हणजे समुद्राच्या कडेला मिऱ्याचा डोंगर लागतो, आणि त्याच्या दक्षिणेला रत्नदुर्ग. या दोहोंच्या मधल्या पाण्यावर आज यांत्रिक होड्यांची फटफट चालते. शिडांच्या काळी मात्र तिथे भर दुपारी एखादे गलबत शिडे उतरवून स्वस्थ डुलत असे. घाटावरून आलेल्या पाहुण्याला ते पाहून नवल वाटे. नारळी पौर्णिमा होऊन गेली, समुद्र निवळला. मग ही माणसे निघत का नाहीत?

याचे उत्तर वाऱ्यापाशी आहे. मोसमात कोकणपट्टीला रात्री व पहाटे जमिनीकडून वारा सुटतो. त्याला मतलई म्हणतात. ऊन चढले की तो पडतो, घटकाभर झाडाचे पान हलत नाही, आणि मग समुद्राकडून, बहुधा वायव्येचा, वारा येतो. मुंबईकडे निघालेल्याला हा अगदी तोंडावरचा! त्याच्याशी दिवसभर झुंजण्यापेक्षा शहाणा तांडेल आडोसा पाहून नांगर टाकी आणि रात्रीच्या मतलईची वाट पाही. खाडीत शिरायचे असले तर भरतीची वाट पाहायची. मुखाशी वाळू साचलेली असते. तिथे घाई करणाऱ्याचे गलबत ओहोटीला कुशीवर कलंडते.

म्हणून नांगरावरचा दिवस हा खलाशांचा घरगुती दिवस. कुणी फाटके शीड पसरून दाभण चालवी, कुणी काथ्याचा दोर वळी, कुणी तळाशी झिरपलेले पाणी उपसून टाकी. एखादा काठावर बसून गरी सोडी. गळाला लागलेला मासा तासाभरात कालवणात पडे. मातीच्या चुलीवर भात रटरटू लागला की मंगळुरी कौले, नारळ आणि इमारती लाकूड यांच्या त्या ढिगाऱ्यात चक्क स्वयंपाकघराचा वास दरवळे. जेवण झाले की शिडाच्या सावलीत झोप.

पण अठराव्या शतकात हीच निवाऱ्याची वेळ कित्येकांना काळवेळ वाटे. वारा पडला की कंपनी सरकारचे उंच जहाज जागच्या जागी खिळे. आंग्र्यांच्या गलबतांना मात्र शिडांच्या जोडीला वल्ही होती. मोठ्या गलबताला चाळीस-पन्नास. ती जड गुराबांना दोर लावून ओढत आणीत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे नेऊन उभी करीत. १७३५ साली इंग्रजांचे ‘डर्बी’ आणि १७४९ साली ‘रेस्टोरेशन’ हे जहाज आंग्र्यांच्या हाती पडले. परीक्षेत सनावळ्या विचारतात, वारा कुणी विचारीत नाही. पण वाऱ्यावाचून या आरमाराचा पराक्रम उमगायचा नाही.

आणि त्याचा अंतही. १७५६ च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम काढली. ज्याचे आरमार बुडवायचे ते मराठ्यांचेच, आणि बुडवायला हात परक्याचा! हे वाचताना माझे मन आजही कडू होते. वॉटसनची जहाजे विजयदुर्गासमोर आली तेव्हा तुळाजींची गुराबे वाघोटनच्या खाडीत, किल्ल्याच्या आसऱ्याला, एकमेकांना बांधून उभी होती. दुपारच्या समुद्रावरच्या वाऱ्याने इंग्रजांची शिडे फुगली. आत असलेल्यांना तोच वारा तोंडावरचा. बाहेर पडायला वाव उरला नाही. एक पेटता गोळा नेमका त्या धरून आणलेल्या ‘रेस्टोरेशन’वर पडला. तिथून आग शेजारच्या गुराबेला, तिथून पुढच्या. दोर तोडायला सवड कुठली? संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे आरमार नांगरावरच जळून गेले, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी स्वतः किल्ल्यात नव्हते. ते पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते, ते तिथेच अडकले आणि मरेपर्यंत कैदेतच राहिले.

वाघोटनच्या त्या खाडीत पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे मालाची गलबते येत राहिली. जळलेली गुराबे जिथे तळाला गेली, तिथेच नांगर पडत, शिडे शिवली जात, भात शिजे, आणि रात्री मतलई सुटली की तांडेल पोरांना हाका मारून उठवी.