डोंगर तोच, मग माथ्यावरचे पक्षी गेले कुठे?

घनदाट जंगलात पक्षी दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त. त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या दुर्गम डोंगरांवर पक्षी मोजायचे तर डोळ्यांइतकेच कानही तयार लागतात.

मोजणी होते कशी?

पहाटे अभ्यासक ठरलेल्या जागी काही मिनिटं शांत उभे राहतात. दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद करतात. मग थोडं वर चढून पुन्हा तेच. झुडपांत लपणाऱ्या, फारसा आवाज न करणाऱ्या पक्ष्यांसाठी ‘मिस्ट नेट’ म्हणजे बारीक धाग्यांची, सहज न दिसणारी जाळी लावतात. अडकलेला पक्षी अलगद काढून, नोंद करून सोडून देतात.

पुन्हा मोजायचं कशासाठी?

पेरूतल्या सेरो दे पांतिआकोया डोंगरावर जॉन फिट्झपॅट्रिक यांनी १९८५ मध्ये असं सर्वेक्षण केलं. २०१७ मध्ये बेंजामिन फ्रीमन यांच्या पथकाने तिथेच पुन्हा मोजणी केली. मधल्या काळात तापमान सुमारे ०.४२ अंश सेल्सिअसने वाढलं होतं आणि बहुतेक पक्ष्यांचा वावर वर सरकला होता.

खालच्या पक्ष्यांना वर सरकायला जागा होती. माथ्यावरच्यांना मात्र पुढे फक्त आभाळ! फक्त माथ्याजवळ राहणाऱ्या १६ प्रजातींपैकी ८ या वेळी सापडल्याच नाहीत.

या प्रजाती इतर डोंगरांवर आहेत, पण इथून त्या गेल्या. १९८५ च्या नोंदी नसत्या, तर त्या कधी इथे होत्या हेही कुणाला कळलं नसतं.