गॅस संपत नसतो



मागच्या भागात आपण शक्तिमान ट्रकबद्दल बोललो. जर्मनीच्या मान कंपनीशी करार करून १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो इथे, जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिल्यावर तिथे गेला. त्या भागाखाली एका श्रोत्यानं विचारलं, "सर, त्या गाड्यांत एसी होता का?" माझ्या वाट्याला आलेल्या एकाही शक्तिमानमध्ये किंवा जोंगामध्ये नव्हता. मे महिन्यात बॉनेटवर हात ठेवता येत नसे आणि आम्ही ओला पंचा मानेवर टाकून निघत असू.

पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण त्याच सुमारास माझ्या स्वतःच्या गाडीचा एसी मला छळत होता. आज त्याचीच गोष्ट. ती एका बिघाडाची आहे, आणि थंडाव्याच्या इतिहासाचीही.

माझी छोटी पेट्रोल गाडी. दोन उन्हाळ्यांत तिचा एसी तीनदा बसला. तिन्ही वेळा शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये एकच निदान झालं: "गॅस संपलाय." भरला, बिल दिलं, गाडी गार. तीन-चार महिन्यांत पुन्हा गरम. तिसऱ्यांदा भरल्यानंतर मे महिन्यात आईला घेऊन नागपूरला निघालो. तिचं वय ८८, तपासणीची तारीख ठरलेली. लखनादौन ओलांडलं आणि जाळीतून गरम वारा येऊ लागला. सिवनीच्या अलीकडे आई बोलेनाशी झाली. चेहरा लाल, कातडी कोरडी. एका ढाब्याच्या सावलीत तिला आडवं केलं, काखेत आणि मानेला ओले फडके लावले, वारा घातला आणि तसंच सिवनीला दवाखान्यात नेलं. ती सावरली. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं." त्या दिवशी मी ठरवलं, आता गॅस भरायचा नाही, आधी कारण शोधायचं.

आता थोडं मागे जाऊ. गारवा मिळवायची आपली जुनी रीत म्हणजे वाळ्याची ताटी. दाराला ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारायचं, बाहेरची लू तिच्यातून आली की पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. छावण्यांमधल्या गोऱ्या साहेबांनी १९व्या शतकात याच तत्त्वावर थर्मँटिडोट नावाचं यंत्र वापरलं: लाकडी पेटी, बाजूंना ओला वाळा आणि आत हातानं फिरवायचा पंखा. आपला लोखंडी कूलर हा त्याचाच वंशज. अँबेसेडरच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावून प्रवास केलेले लोकही आपल्यात असतील. दुसरी रीत बर्फाची. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला, तोही डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून. वाटेतल्या स्टेशनांवर त्या बदलायच्या.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पाणी संपतं, बर्फ वितळतो, म्हणून भरत राहावं लागतं.

एसीचं तत्त्व तेच आहे, द्रव वाफ होताना उष्णता घेतो. फरक एवढाच की एसी ती वाफ सोडून देत नाही. कॉम्प्रेसर तिला दाबतो, रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरते, आणि तिथे परत वाफ. तोच गॅस फिरत राहतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, पाण्यासारखा उडून जात नाही. "गॅस संपला" म्हणणारा माणूस एसीला वाळ्याची ताटी समजत असतो.

मग गाडीचा एसी घरच्या फ्रिजपेक्षा जास्त का गळतो? याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९४०च्या मॉडेलसाठी एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्याची कॉइल मागच्या डिकीत होती. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. दोन वर्षांत तो पर्याय बंद पडला. १९५४ साली नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा पुढच्या भागात आणली आणि आजची मांडणी रुळली. पण एक गोष्ट कायम राहिली. फ्रिजची मोटर आणि कॉम्प्रेसर एका बंद डब्यात असतात. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, म्हणून त्याचा दांडा सीलमधून बाहेर येतो. इंजिन हलतं, म्हणून रबरी नळ्या लागतात. कंडेन्सर सगळ्यात पुढे, खडे आणि चिखल झेलत. वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपणं समजू शकतं. तीन-चार महिन्यांत सगळा जाणं म्हणजे भोक आहे.

आणि जातो कुठे? ही गोष्ट इतिहासात फार महाग पडली आहे. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएफसी जातीचे वायू शीतकरणासाठी पुढे आणले. आधीचे वायू विषारी किंवा पेट घेणारे होते. १९३० साली मिजलींनी भर सभेत हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीनं मेणबत्ती विझवली: विषारी नाही, जळत नाही. त्यातलाच आर-१२ पुढे जगभर गाड्यांत गेला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हाच टिकाऊपणा घातक आहे. वायू वर पोचतो आणि ओझोन नष्ट करतो. १९८५ला अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राचा शोध जाहीर झाला, १९८७ला माँट्रियल करार झाला. १९९०च्या लंडन बैठकीत आपल्या तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मेनका गांधी यांनी गरीब देशांना पैसा आणि तंत्रज्ञान मिळायला हवं असा आग्रह धरला. त्यासाठी निधी उभा राहिला आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला.

गाड्यांमध्ये आर-१२च्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून २०१६चा किगाली करार झाला. भारतानं तो २०२१ साली स्वीकारला.

माझ्या गाडीत साधारण ४०० ग्रॅम गॅस मावतो. तीनदा भरला, म्हणजे १.२ किलो हवेत गेला. हिशोब करा: सुमारे १,७०० किलो कार्बन डायऑक्साइड. सातशेहून जास्त लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा होतो. मी गाडी न चालवताच दहा हजार किलोमीटर फिरल्यासारखं झालं.

नागपूरहून परतल्यावर सदर भागातल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. ईएमईतून निवृत्त झालेले हवालदार. मी त्यांना उस्तादच म्हणतो. माझं ऐकून ते म्हणाले, "साहब, गैस कोई खाता नहीं. गई है तो रास्ता होगा."

त्यांनी आधी बॅटरी घेऊन नळ्यांचे सांधे आणि कंडेन्सर पाहिला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. जिथून गॅस जातो तिथे तेल पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बंपरच्या आड तसा काळा चिकट डाग होता. मग दोन्ही बाजूंना गेज लावले. दोन्हीकडे दाब कमी, म्हणजे गॅस कमी. उस्तादांनी बाकीची लक्षणंही सांगितली. फक्त मोठ्या दाबाची बाजू फार चढली, तर पंखा बंद किंवा कंडेन्सर धुळीनं बंद. छोटी बाजू वर आणि मोठी खाली, तर कॉम्प्रेसर थकलेला. एसी गार होऊन बंद पडतो आणि थोड्या वेळानं परत चालतो, तर आत ओल शिरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो.

नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं. त्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे आले. खड्यानं पडलेलं सुईएवढं छिद्र. तीन वेळा पैसे घेणाऱ्यांनी बंपरखाली बॅटरी मारली नव्हती, आणि मीही मारायला सांगितलं नव्हतं.

नवा कंडेन्सर, नवा ड्रायर, पाऊण तास व्हॅक्यूम. पंप बंद केल्यावर काटा हलला नाही. मग बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे काट्यावर तोलून गॅस. अंदाजानं नाही. खर्च तीन वेळच्या गॅसच्या एकूण बिलापेक्षा कमीच आला. या गोष्टीला आता तिसरा उन्हाळा. गॅस एकदाही भरलेला नाही.

तेव्हा मंडळी, कुणी "गॅस संपलाय" म्हटलं तर एकच विचारा: गेला कुठून? दाखवेपर्यंत भरू देऊ नका. स्वस्त म्हणून अनोळखी सिलिंडरचा गॅस तर अजिबात नको. त्यात पेट घेणारा वायू असू शकतो. आणि गाडीत म्हातारं माणूस असेल तर पाणी, फडकं आणि सावलीचे थांबे आधी ठरवा. यंत्र कधीही दगा देऊ शकतं.

आई आता मागच्या सीटवर बसली की शाल मागते. मी मुकाट देतो.

पुढच्या भागात जोंगाची गोष्ट. नमस्कार.