जेवल्यावर यकृतातलं एन्झाइम जागा का बदलतं?

पेशीत एखादं एन्झाइम किती आहे, एवढ्यावरच चयापचय ठरत नाही. ते पेशीत नेमकं कुठे आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. यकृतातलं ग्लुकोकायनेज हे याचं उत्तम उदाहरण आहे.

ग्लुकोकायनेजचं काम काय?

यकृताच्या पेशीत आलेल्या ग्लुकोजला ते फॉस्फेट जोडतं. त्यामुळे ग्लुकोज पेशीतच अडकून राहतं. पुढे त्याचं ग्लायकोजेन बनतं, त्यातून ऊर्जा मिळते किंवा त्याची चरबी होते. हे काम पेशीद्रवात, म्हणजे केंद्रकाच्या बाहेर चालतं.

उपाशी असताना काय होतं?

तेव्हा यकृत रक्तात ग्लुकोज सोडत असतं. त्याच वेळी ग्लुकोकायनेज मोकळं राहिलं, तर एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असा प्रकार होईल. त्यात ऊर्जा वाया जाईल. म्हणून जीकेआरपी नावाचं प्रथिन त्याला केंद्रकात धरून ठेवतं. या नियंत्रक प्रथिनाचा शोध बेल्जियमचे शास्त्रज्ञ एमिल व्हॅन शाफ्टिंगेन यांनी १९८९ मध्ये उंदरांच्या यकृतात लावला.

आणि जेवल्यावर?

ग्लुकोज वाढलं की ही पकड सैल होते आणि एन्झाइम केंद्रकाबाहेर येतं. फळं किंवा साखरेतल्या फ्रुक्टोजपासून यकृतात फ्रुक्टोज-१-फॉस्फेट बनतं, तेही ही पकड सोडवतं. एन्झाइमचा साठा तयारच असल्याने नवं बनेपर्यंत थांबावं लागत नाही.

पकड कायमच सैल असेल तर?

जीकेआरपीच्या जनुकात एक बदल बऱ्याच लोकांमध्ये आढळतो. त्यात प्रथिनातल्या ४४६व्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन येतं आणि पकड कमी पडते. अशा लोकांची उपाशीपोटीची साखर सरासरीने थोडी कमी असते, पण ट्रायग्लिसराइड्स जास्त असतात. कारण यकृतात जास्त ग्लुकोज वापरलं गेलं, की चरबी बनायलाही जास्त कच्चा माल मिळतो.

मधुमेहावर ग्लुकोकायनेजचा वेग वाढवणारी औषधं शोधणाऱ्यांनाही हाच पेच पडला. काही औषधांच्या चाचण्यांमध्ये साखर उतरली, पण ट्रायग्लिसराइड्स वाढले. काहींमध्ये साखर गरजेपेक्षा जास्त खाली गेली. चीनमध्ये २०२२ साली मात्र डोर्झाग्लिॲटिन या अशाच एका औषधाला मंजुरी मिळाली.

थोडक्यात, साखर कमी झाली म्हणजे सगळं सुधारलं असं नाही. यकृताने त्या साखरेचं पुढे काय केलं, हेही पाहावं लागतं.